उंबऱ्याची दुसरी बाजू

माझ्यावरचा बूट आधी काढा! मग बोलू.

मी तुर्कस्तानात, दिवरीगीच्या डोंगरातल्या एका अलेवी गावातला दगडी उंबरा. अलेवी म्हणजे अलीला मानणारे, मशिदीऐवजी प्रार्थनाघरात जमणारे मुसलमान. प्रार्थनाघरात शिरताना इथली माणसं वाकून मला ओठ टेकवतात आणि मगच ओलांडतात. माझ्यावर पाय देणं म्हणजे पाप.

त्याआधी, हजाराहून जास्त वर्षांपूर्वी, मी दुसऱ्याच दारात होतो. तिथले लोक येशूला मानत, पण भिंतीवर क्रूस टांगत नसत. मोठ्या चर्चवाल्यांनी त्यांना पाखंडी ठरवलं, सम्राटाच्या सैन्याने घरं जाळली. तेही वाकून मला ओठ टेकवत. राखेतून उचलून कुणीतरी मला इथे आणलं आणि झिजलेली बाजू खाली घालून बसवलं. आणणारे त्या जुन्यांचेच नातू होते, की मेंढ्या घेऊन आलेले नवे? मला नाही ठाऊक. जिवाच्या भीतीने कुणी आपलं मूळ सांगतच नसे. पुढे इथल्यांनाही पाखंडी म्हणणारे भेटलेच!

परवा अंकाराहून एक संशोधक आला. "हा जुन्या चर्चचा दगड. याच्या खालच्या बाजूला क्रूस असणार," म्हणाला. झालं! जर्मनीहून सुट्टीला गावी आलेला बेक्ताश भडकला.

"शहरातले आधीच आपल्याला काफर म्हणतात. क्रूस निघाला तर दगड म्युझियमला देऊन टाका. मी संगमरवरी बसवतो!" आणि त्याने पाय आपटला, तो नेमका माझ्यावर.

गुलिझार आजी झाडू घेऊन धावली. "जर्मनीत पाय ठेवायला जमीन नाही वाटतं? उतर खाली!"

"चुकलो, आजी. पण क्रूस निघाला तर?"

"निघू दे. माझी आई याला ओठ टेकवून गेली. संगमरवरात तिचे ओठ आणशील?"

शेवटी पहारीने मला उलटवलं. क्रूस नव्हता. मधोमध गुळगुळीत खळगा होता, वरच्या बाजूला आहे तसाच.

"काहीच नाही," संशोधकाने तोंड वाकडं केलं.

"काहीच नाही!" बेक्ताश खुशीत हसला.

माझा संताप संताप झाला. काहीच नाही? पिढ्यान् पिढ्या माणसं वाकली, दगड झिजला, आणि यांना काहीच दिसत नाही!

आजी मात्र खाली बसली. खळग्यात हात फिरवत राहिली.

"बेक्ताश, वरचा खळगा तुझ्या आजोबा-पणजोबांचा. हा कुणाचा रे?"

तो जवळ येऊन बघू लागला.

"कुणाचा का असेना. बिचारे फार वर्षं मातीत तोंड घालून पडलेत. आता हीच बाजू वर ठेवा."

ठेवली. परत जाण्याआधी बेक्ताशही वाकून गेला. तरी माझा राग उतरलेला नाही. येणाऱ्यांनो, मी कुणाचा हे विचारू नका. वाका, आणि पाय जरा उंच उचला.