अगं, ऐकतेस का?

दुर्गाघाटावरच्या मराठी घरांना एक खोड आहे. चारचौघांत काही लपवायचं असलं की ही मंडळी खुशाल मराठीत बोलतात. दुकानदारासमोर, रिक्षावाल्यासमोर, कुठंही! जणू काशीत मराठी कुणाला कळतच नाही. हिमानी अशाच एका घरात सून म्हणून आली आणि तिलाही ती खोड लागली. पुढे ती तिच्या कामातही शिरली, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

हिमानी घरी बसून मोबाइलची अ‍ॅप लिहायची. सासूबाईंना, शरदिनीबाईंना, मधुमेह. त्यांना गोळीची आठवण करून द्यायचं काम सासऱ्यांचं. आता वेणीमाधवनाना म्हणजे काय विचारता! "अगं, ऐकतेस का?" म्हणून माडीवरून हाक मारायचे. बाई हातातलं काम टाकून "ऐकत्ये, बोला" म्हणायच्या, आणि तोवर स्वारी विसरलेली. "काय बरं ते... जाऊ दे." बाई वैतागायच्या, "बिनकामाच्या हाका मारून जीव खाल्लात माझा!" शेवटी हिमानीनं एक छोटं अ‍ॅप केलं आणि त्यात नानांचाच आवाज भरून घेतला, "अगं, ऐकतेस का? गोळी घे."

पुढच्याच थंडीत नाना गेले. आवाज फोनमध्ये राहिला. त्या आवाजावर बाई रोज मुकाट्यानं गोळी घेऊ लागल्या.

आणि मग एका दुपारी त्या स्वयंपाकघरात घामाघूम होऊन खालीच बसल्या. हात थरथरत होते, तोंडातून शब्द फुटेना. हिमानीची पाचावर धारण बसली. तिनं साखरेचं पाणी पाजलं, गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. रक्तातली साखर पार उतरली होती.

"अम्माजी, दवा दोबारा खा ली क्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"ह्यांनी सांगितलं म्हणून घेतली," बाई पुटपुटल्या. "हल्ली अवेळीसुद्धा बोलावतात."

जाताना डॉक्टरांनी हिमानीला बाजूला घेऊन बजावलं, पुन्हा असं झालं तर अम्मा हाती लागायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी हिमानी सकाळपासून लॅपटॉपला डोकं लावून बसली. गोळीची वेळ बरोबर होती, मग मध्येच आवाज लागतो कसा? काही केल्या सापडेना. तेवढ्यात दारात भाजीवाली आली. बाई अशक्त होत्या, पण खोड कुठली जायला! खाटेवरूनच म्हणाल्या, "हिमानी, भेंडी कालची दिसत्ये, घेऊ नकोस."

"आज सबेरे की है, अम्मा," भाजीवाली टोपली सावरत म्हणाली. "आपकी मराठी बरसों से सुन रहे हैं."

बाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. हिमानी मात्र हसली नाही. भेंडी तशीच टाकून ती लॅपटॉपकडे धावली.

फोनमधली अ‍ॅप एकमेकांना हाका मारतात, त्या माणसांना ऐकू येत नाहीत. नानांचा आवाज लावणारा तिच्या अ‍ॅपचा भाग अशाच एका हाकेवर जागा व्हायचा. त्या हाकेचं नाव तिनं ठेवलं होतं 'आठवण'. हाक कुणी मारली ते विचारायची सोय असते, पण तिनं ती केलीच नव्हती. मराठी शब्द, दुसरं कोण वापरणार! शहाणीच! बाईंनी हौसेनं फोनवर घेतलेलं फुकटचं पंचांगही कुणा मराठी माणसानंच लिहिलं होतं. एकादशी लागली, प्रदोष आला, की तेही फोनभर 'आठवण' म्हणून ओरडायचं, आणि हिमानीचं अ‍ॅप भोळ्यासारखं ओ द्यायचं. हिमानीनं कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी ती बाईंच्या उशाशी बसली. "आई, चूक माझी होती. प्रत्येक अ‍ॅपवर करणाऱ्याची सही असते. आता मी आतून कडी लावते, माझी सही असलेल्याच्याच हाकेला हे ओ देईल. नाना फक्त गोळीच्या वेळेलाच बोलतील."

"म्हणजे अवेळी बोलावत होता तो पंचांगवाला?"

"हो."

"मला वाटलं, विसरले म्हणून पुन्हा पुन्हा हाक मारतायत," बाई छताकडे बघत म्हणाल्या. "लाव कडी. तुझं बरोबरच आहे. पण त्या बिनकामाच्या हाका गेल्या गं आता."

हिमानीला भडभडून आलं. जिवावर बेतलेली गोष्ट उघडी ठेवणं शक्यच नव्हतं. पण बाईंच्या तोंडचं ते वाक्य तिचा पिच्छा सोडेना. तिनं नानांच्या आवाजाचे दोन तुकडे केले. "गोळी घे" हा तुकडा आत, सहीच्या कडीमागे ठेवला. "अगं, ऐकतेस का?" एवढाच तुकडा मुद्दाम उघडा ठेवला, कुणीही, अगदी पंचांगानंही, हाक मारावी म्हणून. त्यात चोरण्यासारखं काही नव्हतं, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. बाईंना तिनं फक्त एवढंच बजावलं, "गोळी घे असं ऐकल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही." आणि त्यांच्याकडून ते दोनदा म्हणून घेतलं.

प्रदोषाच्या दिवशी तिन्हीसांजेला बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. कोनाड्यातला फोन बोलला, "अगं, ऐकतेस का?"

बाईंच्या हातातलं सूप खाली आलं. दाराआड हिमानी श्वास रोखून उभी.

"ऐकत्ये, बोला," बाई म्हणाल्या.

फोन गप्प. बाईंनी वाट पाहिली. गोळ्यांच्या डबीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"विसरले बघ!" त्या हिमानीकडे वळून हसत म्हणाल्या, आणि पदरानं डोळे टिपत पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.