पनवेलकर झालेली खवणी

मित्रांनो, मी एक म्हातारी लाकडी शेळी आहे. घाबरू नका, मी गवत खात नाही आणि शिंगंही मारत नाही. माझं खाणं फक्त नारळ. माझा जन्म आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा, मोंबासा शहरातला. तिकडे नारळाच्या खवणीला 'म्बुझी' म्हणतात, म्हणजे शेळी. माझी मान पुढे आलेली आणि तोंडात लोखंडी दात, म्हणून हे नाव. मी कुराण ठेवायच्या रेहलसारखी उघडते, बाई माझ्या फळीवर बसते आणि नारळ खवते. मिटवली की चपटी होऊन भिंतीला टेकते. आहे की नाही हुशार?

एका म्हाताऱ्या सुताराने मला आंब्याच्या लाकडातून घडवलं. हौसेने त्याने माझ्या फळीवर वेलबुट्टी कोरली. या वेलबुट्टीनेच पुढे माझा घात केला, पण ते नंतर सांगते.

माझी मालकीण आयशा. तिच्या आईने मला तिच्या संसारात धाडलं. आयशा दवाखान्यात नर्स होती. ड्युटीवरून आली की हातपाय धुऊन माझ्यावर बसायची. मासे असोत, भात असो, घेवडा असो, त्या घरात नारळावाचून काही शिजत नसे आणि माझ्यावाचून नारळ खवला जात नसे. आयशाचा पहिला नवरा वारला, मुलं मोठी होऊन आपापल्या संसाराला लागली, पण आमची दोघींची जोडी कायम राहिली.

मग यूनुसभाई आले. ते मूळचे पनवेलचे. मोंबासाच्या बंदरात क्रेन दुरुस्त करायचे. त्यांची बायकोही वारली होती. एकदा हात कापून घेऊन ते दवाखान्यात आले आणि आयशाने पट्टी बांधली. जखम भरली तरी स्वारी पट्टी दाखवायला येतच राहिली! शेवटी तिथेच त्यांचा निकाह झाला, रीतसर नोंदही झाली. दोघं निवृत्त झाली तेव्हा यूनुसभाई म्हणाले, "चल पनवेलला. घर आहे, आपा आहे."

आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण, हव्वाबी. मोहल्ल्यातल्या त्या घराची सगळी सूत्रं तिच्या हातात. आयशाने मला आपल्या कपड्यांत गुंडाळून आणलं होतं. बॅग उघडताच आपाने मला उचललं. "या अल्लाह, काय नक्षी हाय!" म्हणाली, आणि मला थेट दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवून दिलं. एका बाजूला दुबईचा टी-सेट, दुसऱ्या बाजूला बंद पडलेलं घड्याळ, मध्ये मी.

खरं सांगते मित्रांनो, आधी मला ते फार आवडलं. पाहुणे यायचे, आपा माझ्याकडे बोट दाखवायची, "हे खास आफ्रिकेवरून आलंय." मी फुगून जायची. मी कशासाठी आहे हे मात्र कुणी विचारलं नाही, कारण या घरात खोबरं मिक्सरमध्ये वाटलं जाई. हळूहळू माझ्या दातांवर गंज चढला.

आयशाचंही माझ्यासारखंच झालं. ती स्वयंपाकघराकडे वळली की आपा म्हणायची, "नको भाबी, तुमी बसा. एवढ्या लांबून आलाव, तुमाला काम सांगू होय?" पंख्याखाली खुर्ची, हातात सरबत, ताटात सगळ्यात मोठा पापलेट. आपाची माया खरी होती. पण आयशा आयुष्यभर राबलेली बाई. त्या खुर्चीत बसून ती दिवसेंदिवस गप्प होत गेली.

त्यातच व्हिसाचा प्रश्न. आयशा दरवेळी टुरिस्ट व्हिसावर यायची आणि मुदत संपत आली की मोंबासाला परतायची. ती गेली की यूनुसभाई नीट जेवत नसत. एक दिवस त्यांनी शोकेससमोरच तिला सगळं समजावलं. मला कागदपत्रांतलं फारसं कळत नाही, पण कान शाबूत आहेत. टुरिस्ट व्हिसा सोपा, पण सारखं जावं लागणार. भारतीयाच्या बायकोला राहण्याचा लांब मुदतीचा व्हिसा मिळतो, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते आणि पोलीस घरी चौकशीला येतात. कायमचं राहण्याचं सरकारी कार्डही काढता येतं, पण त्याला वेळ लागणार होता.

"आता वय झालं आपलं," यूनुसभाई म्हणाले. "किती दिवस विमानतळावर हात हलवायचा? लांबचा व्हिसा घेऊ."

आयशाने हातातलं सरबत खाली ठेवलं. मग "भरा अर्ज," एवढंच म्हणाली.

चौकशीला हवालदार आले, तेव्हा यूनुसभाई मासळी आणायला गेले होते. दार आपाने उघडलं. हवालदारांनी खुर्चीतल्या आयशाकडे पाहून विचारलं, "या कोण?"

आपा अभिमानाने म्हणाली, "मेहमान हाय आमची, आफ्रिकेची!"

हवालदारांचं पेन थांबलं. "पाहुण्या? अर्जात तर यूनुस यांची पत्नी लिहिलंय. घरात काय करतात त्या?"

"काय नाय करत. आमी करूच देत नाय!"

हवालदारांनी मान हलवली. "यूनुसभाई असताना परत येतो," म्हणाले आणि गेले.

आयशा उठली. शांतपणे म्हणाली, "आपा, तुम्ही खरं बोललात. मी पाहुणी आहे. पाहुणीला पाहुण्यांचाच व्हिसा बरा." तिने आतून बॅग आणली, शोकेस उघडली आणि मला बाहेर काढलं. मित्रांनो, इतक्या दिवसांनी तिचा हात लागला, पण तो मला परत नेण्यासाठी! मला रडू फुटलं असतं, पण लाकूड कुठे रडतं?

"हे कुठं नेतेस?" आपा घाबरून म्हणाली. घाईत 'तुमी' कुठल्या कुठे गेलं.

"घरी. इथे याला काही काम नाही."

"याचं करतात तरी काय?"

आयशा थांबली. मग तिने मला उघडलं, माझे दात घासून लख्ख केले, स्वयंपाकघरातून नारळाची वाटी आणली आणि माझ्यावर बसली. खर्र, खर्र! पांढरंशुभ्र खोबरं ताटलीत पडू लागलं. आपा आ वासून बघत राहिली.

"अगो, ही तर खवणी! आणि मी येडी, हिला शोभेला ठेवली!" ती आयशाशेजारी जमिनीवरच बसली. तिचे डोळे भरून आले. "तुला पण मी तसंच ठेवलं गो. मला वाटलं, मान देतेय."

आयशाने खोबऱ्याने माखलेल्या हातानेच तिचा हात धरला. "मला मान नको आपा. मला चूल द्या."

त्या दिवशी यूनुसभाई पापलेट घेऊन आले, तर बॅग रिकामी आणि स्वयंपाकघर भरलेलं! नारळाच्या दुधातलं सालन आयशाने केलं. आपाने दोनदा वाढून घेतलं, तरी मीठ कमी म्हणायला विसरली नाही. ते ऐकून आयशा खळखळून हसली. पाहुणीच्या हातच्या मिठाला कोण नावं ठेवतं?

हवालदार परत आले तेव्हा आयशा माझ्यावर बसली होती. आपाने त्यांना दारातच थांबवलं. "जरा दम धरा साहेब. आमच्या भाबीचे हात खोबऱ्यात हायत. तिच्याबिगर आज घरात कोण जेवणार नाय." हवालदार हसले आणि त्यांनी लिहायला घेतलं. पुढे व्हिसा मिळाला. आता कार्डाचे कागद जमवणं चालू आहे.

मी आज अभिमानाने सांगते, माझे दात झिजलेत आणि वेलबुट्टी पुसट झाली आहे. नक्षी पाहून कौतुक होतं, पण झिजल्याशिवाय घर आपलं होत नाही. म्हणून मित्रांनो, चांगल्या वस्तू नुसत्या मांडून ठेवू नका, वापरा. आणि कुणी दुरून तुमच्या घरचं व्हायला आलं, तर पहिल्या दिवशी खुर्ची जरूर द्या, पण दुसऱ्या दिवशी हातात नारळ द्या.

परवा उरणची एक पाहुणी आली होती. शोकेसमधली रिकामी जागा बघून तिने विचारलं, "इथली ती आफ्रिकेची वस्तू कुठे गेली?"

आपा म्हणाली, "ती आता इथलीच झाली. आत कामात हाय."