पांढऱ्या रेघेच्या आत

समजा, घरात तुमचं एक नाव आहे. शाळेच्या हजेरीत नसलेलं, फक्त आईच्या तोंडी असलेलं. डोळे मिटून ते एकदा मनात म्हणा बरं. म्हटलं? आता समजा, तुमची आई त्याच नावानं दुसऱ्या एका मुलीला हाक मारते आहे, तिला कुरवाळते आहे, आणि बघणारे लोक खूश होताहेत.

कसं वाटेल?

नागपूरच्या मोनालीला तसंच वाटत होतं.

मोनालीची आई, कामिनी, नाटकात काम करायची. नव्या नाटकात ती एका मुलीची आई झाली होती आणि तिची मुलगी झाली होती सात वर्षांची मिनल. मुलगी दूरच्या शाळेत राहायला निघते आणि आई तिची शेवटची वेणी घालते, असा त्यात एक प्रसंग होता. तालमीत तो काही केल्या जमेना.

"कामिनीताई, रडू नका," दिग्दर्शक वामनराव म्हणाले. "घरी लेकीची वेणी घालता ना, तशी घाला."

मग आईनं पाण्याच्या वाटीत कंगवा बुडवला, भांग पाडून त्यावर हळूच फुंकर घातली आणि म्हणाली, "हलू नको वं, भिंगरे!"

वामनराव उठून उभे राहिले. "हेच पाहिजे मले! राहू द्या तसंच."

कोपऱ्यात गृहपाठ करणाऱ्या मोनालीची पेन्सिल थांबली. भिंगरी म्हणजे ती. ती फुंकरही तिचीच. "आई!" म्हणत ती धावत सुटली, तर वामनरावांनी तिला अडवलं. तालमीच्या खोलीत स्टेज नसतं. जमिनीवर खडूनं पांढरी रेघ मारतात, तेच स्टेज. त्या रेघेकडे बोट दाखवून ते म्हणाले, "पोरी, रेघेच्या आत त्या मिनलच्या आई. तुझी आई रेघेच्या बाहेर."

घरी आल्यावर मोनाली म्हणाली, "ते नाव माझं आहे."

"अवं, तोंडातून निघून गेलं," आई म्हणाली. "नाव काय घासून जाते काय?"

"मंग दुसरं काही म्हण ना तिले! भिंगरीच काहून?"

आई हसली. तिथंच चुकलं.

तालमींमुळे आई उशिरा यायची, सकाळी तिचा डोळा लागलेला असायचा. मोनालीची वेणी आता बाबा घालायचे, हिंगण्याच्या कारखान्यात दुपारपाळीला जाण्याआधी.

"बैलाच्या शेपटीसारखी झाली," मोनाली कुरकुरली.

"बैलाची शेपटी सरळ राहते वं," बाबा म्हणाले. "हे तेवढीही नाही जमली."

पण मोनालीला हसू आलं नाही. आदल्याच दिवशी मिनल तिला म्हणाली होती, "तुझी आई केस मुळीच ओढत नाही गं. माझी आई लई ओढते." मिनल हे चांगल्या मनानं म्हणाली होती. म्हणून तर मोनालीला जास्तच टोचलं.

रविवारी दुपारी पहिला प्रयोग होता. मध्यंतरात आईनं स्टेजवरच्या स्टुलावर कंगवा, पाण्याची वाटी आणि लाल रिबिन मांडली आणि साडी बदलायला गेली. मोनालीनं रिबिन उचलून मुठीत घेतली आणि पडद्याआड, विंगेत जाऊन उभी राहिली. वेणीचा प्रसंग फसला की वामनराव तो काढूनच टाकतील, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

पडदा उघडला. फुंकर झाली. "हलू नको वं, भिंगरे!" झालं. वेणी पूर्ण झाली आणि आईचा हात स्टुलाकडे गेला.

रिबिन नव्हती.

आईनं एका हातात वेणीचं टोक धरलं आणि दुसऱ्या हातानं स्टूल चाचपलं. रिबिन बांधली की मिनलनं उठायचं, असं ठरलेलं. मिनल वाट बघत बसली. आईनं वेणी सोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली. प्रेक्षकांत कुणी तरी खाकरलं. समोरच्या विंगेत वामनरावांनी कपाळाला हात लावला.

मिनलनं विंगेकडे डोळे फिरवले. तिला मोनालीच्या मुठीतून लोंबणारं लाल टोक दिसलं. ती ओरडली नाही. फक्त त्या टोकाकडे बघत राहिली.

आणि मोनालीला आईची बोटं दिसली. तीन पेड घालताना ती दोनदा चुकली. आईची बोटं वेणीत कधी चुकत नसत.

रिबिन आत फेकता येत नव्हती. सगळ्यांना दिसली असती. ती घेऊन आत जायचं, तर तिथं मोनाली आईची कोणीच नव्हती.

मोनालीनं बैलाच्या शेपटीसारखी आपली वेणी पाठीवर टाकली आणि विंगेतून थेट उजेडात गेली. आईचे हात थांबले.

"काकू," मोनाली मोठ्यानं म्हणाली, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी, "तुमच्या भिंगरीची रिबिन आमच्या अंगणात पडली होती."

आणि तिनं मूठ उघडली.