इयाकोपोचा वाटा

मी एक जुना लाकडी डबा आहे आणि माझ्या पोटावर एक लांब भेग आहे. आमच्याकडे मला तुलुमा म्हणतात. मित्रांनो, तुमच्या घरच्या डब्यांत डाळ-तांदूळ असतील. माझ्या पोटात गळ, दोरी, काडेपेटी आणि तंबाखू असायची. होडी उलटली तरी आत पाण्याचा थेंब शिरायचा नाही. पण माझं खरं काम त्याच्या पुढचं आहे. होडी बुडाली तरी मी बुडत नाही. माणसाने मला छातीशी धरायचं आणि तरंगत राहायचं.

प्रशांत महासागरातल्या आताफू या छोट्या बेटावर तोलो नावाच्या म्हाताऱ्याने मला घडवलं. गावच्या पंचांना विचारून त्याने कानावाचं एक झाड पाडलं, खोड कोरलं आणि शार्कच्या कातड्याने घासून घासून मला गुळगुळीत केलं. झाकण तर इतकं घट्ट बसवलं की ते त्याला स्वतःलाच उघडेना. त्याची मुलगी लेपेका दारात बसून चटई विणत होती. ती म्हणाली, "बाबा, आता तंबाखू ओढायची झाली तर कुऱ्हाड लागणार तुम्हाला." तोलो दिवसभर तिच्याशी बोलला नाही. झाकण मात्र त्याने तसंच ठेवलं.

आमच्या गावात मासा कुणा एकट्याचा नसतो. होड्या आल्या की सगळे मासे किनाऱ्यावर ओततात आणि वाटे लावणारा माणूस घराघरांचे वाटे लावतो. काल जन्मलेल्या बाळाचा वाटा पडतो, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचाही पडतो. समुद्रावर गेलेल्याचा वाटा त्याच्या घरी जातो. जहाजात बसून न्यूझीलंडला गेलेल्याचा मात्र पडत नाही. तो तिकडचा झाला.

एकदा तोलोची होडी लाटेने उलटली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला काखेत धरून खडकांवरून चालत आला, पायांची चाळण झालेली, तोंड मिठाने पांढरं. घरी त्याच्या वाट्याचा मासा पानावर झाकून ठेवलेला होता आणि लेपेका त्यावरच्या माशा वारत बसली होती. तिने बापाकडे पाहिलं, मासा त्याच्यापुढे सरकवला आणि मग तिला रडू फुटलं. त्या दिवशी गावाने मला अगदी डोक्यावर घेतलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस तोच.

पुढे तोलो गेला, लेपेकाचा नवराही गेला. घरात ती आणि तिचा मुलगा इयाकोपो अशी दोघंच उरली. इयाकोपोच्या वयाची मुलं एकेक करून जहाज पकडत होती. आमची माणसं आता बेटांवर थोडी आणि न्यूझीलंडमध्ये फार. बाहेरच्या मोठ्या बोटी पैसे भरून आमच्या समुद्रातला मासा नेतात, त्या पैशांतून शाळेचा आणि दवाखान्याचा खर्च निघतो. पण वाट्याला पडणारा मासा गावच्या पोरांनीच आणायचा असतो. इयाकोपो त्यासाठी राहिला. लाकडी होडी जाऊन पत्र्याची बोट आली, वल्ह्यांच्या जागी इंजिन आलं. तरी तो मला रोज तेल लावायचा आणि बोटीच्या फळीला बांधायचा. "आजोबा बसलेत मागे," असं तो त्याच्या जोडीदाराला, मिकाएलेला, सांगायचा. "शिव्या देऊ नकोस."

मग एका वर्षी लेपेकाचा धाकटा भाऊ सेफो न्यूझीलंडमधल्या पोरिरुआहून आला. वीस-एक वर्षांनी आला असेल. त्याने सगळ्यांना मिठ्या मारल्या, सगळ्या घरांत जेवला आणि लेपेकाच्या ओसरीवर बसून मला हातात घेतलं.

"ताई, काय काम आहे बाबांचं! असा तुलुमा आता जगात कुठे मिळायचा नाही."

लेपेकाने हातातलं काम खाली ठेवलं. मला कळलं. आमच्याकडे भावाने एखाद्या वस्तूची अशी तारीफ केली की बहिणीने ती त्याच्या पुढ्यात ठेवायची. कुणी शिकवत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. जहाज निघायच्या दिवशी तिने मला नव्या चटईत गुंडाळून त्याच्या हातात दिलं. सेफोचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, केवढी माया.

इयाकोपोने माझ्यावर टिचकी मारली. "मामा, काय ठेवणार यात? टीव्हीचा रिमोट?"

"गप रे," लेपेका म्हणाली.

"आणि तू काय नेशील समुद्रावर?" सेफोने विचारलं.

"बिस्किटांची बादली आहे की. प्लास्टिकची. झाकणाची."

सेफोच्या घरी मला टीव्हीशेजारच्या फळीवर बसवलं. मला चकचकीत वॉर्निश लावलं. पाहुणे यायचे, मला उचलून बघायचे, फोटो काढायचे. माझ्या पोटात खरंच रिमोट होता, आणि सेफोच्या रक्तदाबाच्या गोळ्या. फळीखाली हीटर होता. हिवाळाभर तो चालायचा आणि माझं लाकूड आतून सुकत जायचं. एक दिवस माझ्या पोटातून कट्ट असा आवाज आला. भेग भिंतीकडच्या अंगाला पडली होती, त्यामुळे कुणाला दिसली नाही. कौतुक पुढून चालूच राहिलं.

फोन आला तेव्हा सेफो चहा घेत होता. तो बराच वेळ फक्त "हो, हो" म्हणत राहिला. मग फोन हातात तसाच धरून माझ्यासमोर उभा राहिला, आणि त्याने मला भिंतीकडे फिरवून ठेवलं.

काय झालं ते मिकाएलेने गावाला सांगितलं होतं; माझ्या कानावर ते सगळं नंतर आलं. मासे भरून परत येताना खडकांच्या तोंडाशी, म्हणजे बेटाभोवतीच्या खडकांतून आत यायच्या वाटेवर, इंजिन बंद पडलं आणि लाटेने बोट आडवी करून उलटवली. मिकाएलेच्या हाती पेट्रोलचा रिकामा कॅन लागला. इयाकोपोने बादली धरली. दोन लाटा ती तरली. तिसऱ्या लाटेत झाकण उडालं, बादली भरली आणि खाली गेली. ओढ बाहेरच्या दिशेला होती. गावातल्या सगळ्या बोटी शोधायला गेल्या, पण इयाकोपो सापडला नाही.

आणि सापडला नाही म्हणून त्याचा वाटा पडत राहिला. वाटे लावणारा पेनेहे म्हातारा होता, त्याने लेपेकाला लहानपणापासून पाहिलं होतं. पहिल्यांदा तो तिच्या पानापाशी थांबला आणि त्याने हळूच विचारलं, "किती, लेपेका?"

"दोन. तो समुद्रावर आहे."

पेनेहेने दोन तुकडे ठेवले. त्यानंतर त्याने पुन्हा विचारलं नाही. लेपेका मुलाचा मासा भाजायची, पानाने झाकायची आणि शेजारी बसून माशा वारायची. सकाळी तो मासा डुकरांना जायचा. पुढे वाऱ्याचे दिवस आले, बोटी रिकाम्या परत येऊ लागल्या, एकेका मासळीचे बोटाएवढे तुकडे व्हायला लागले. एकदा लुसियाने, जिच्या घरी खाणारी तोंडं खूप, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या पोरांना शेपट्या चघळायच्या आणि तिच्याकडची डुकरं बघा कशी माजलीत." कुणी तिला दटावलं नाही. लेपेका दोन तुकडे घेऊन घरी गेली.

सेफो आला तो मला मांडीवर घेऊनच. बोटीतून किनाऱ्यावर उतरला आणि त्याने मला बहिणीच्या पायांशी ठेवलं.

"हा घे, ताई."

"दिलेलं मी परत घेत नसते. तू मागितलास, मी दिला."

"मी मागितला नव्हता गं. मला नुसता आवडला होता."

लेपेका त्याच्याकडे बघतच राहिली. "तू तारीफ केलीस."

"तिकडे माणसं दिवसभर तारीफ करतात, ताई. कुणी काही देत नाही. मी विसरलो होतो."

 त्याने नुसतं बोलून टाकलं होतं, तिने नुसती रीत पाळली होती, आणि दोघांनाही मी इयाकोपोच्या बोटीतच हवा होतो. मित्रांनो, तेव्हा मला वाटलं, तोलोने मला ओबडधोबड घडवलं असतं तर फार बरं झालं असतं.

लेपेकाने मला उचललं आणि खाडीच्या उथळ पाण्यात दाबून धरलं. मी बुडबुडे सोडले. तिने झाकण काढलं, आत पाणी आणि भिजलेल्या गोळ्या होत्या.  सेफोने मान खाली घातली. मग तिने विळ्याने माझं वॉर्निश खरवडलं, विलायती फणसाचा चीक काढून भेगेत भरला, वाळवला, पुन्हा भरला. कित्येक दिवस तिचं तेच चाललं होतं. शेवटी तिने मला पाण्यात धरलं तेव्हा मी कोरडा राहिलो.

बोट उलटली त्या दिवसापासून मिकाएले समुद्रावर गेलाच नव्हता. किनाऱ्यावर बसून नुसती जाळी शिवायचा आणि लेपेका दिसली की उठून जायचा. ती किनाऱ्याला लागलेल्या, दुरुस्त केलेल्या त्यांच्या बोटीपाशी गेली आणि मला फळीला बांधू लागली.

"काकी, हा तुमच्या घरचा आहे," तो म्हणाला. "इयाकोपो..."

"इयाकोपोला आता काय करायचाय?" लेपेका म्हणाली. हे ती पहिल्यांदाच बोलली होती, आणि बोलल्यावर तिचे हात थांबले. मग तिने गाठ पुरी केली. "जा. गावाला मासा नाही. आणि याची कुणासमोर तारीफ करू नकोस."

तो गेला. मी त्याच्याबरोबर होतो, खडकांच्या तोंडातून बाहेर आणि परत. संध्याकाळी मासे ओतले, वाटे लागले. पेनेहेने लेपेकाच्या पानावर नेहमीसारखे दोन तुकडे ठेवले. ती खाली वाकली, एक उचलला आणि दुसरा पेनेहेकडे सरकवला.

"एकच, पेनेहे. घरात मी एकटीच आहे."

पेनेहे तो तुकडा हातात धरून उभा राहिला. कुठे ठेवावा ते त्याला कळेना. मग त्याने तो लुसियाच्या पानावर ठेवला, कारण तिच्या घरी पोरं होती. लुसियाने तोंड पदराआड केल्यासारखं हातांत लपवलं. तो तुकडा उचलायला तिला फार वेळ लागला.

मित्रांनो, मी आता तिथेच आहे, त्या फळीला बांधलेला. माझं वॉर्निश गेलं आहे, चीक काळा पडला आहे, आणि मला कुणी सुंदर म्हणत नाही याचं मला सुख आहे. तुमच्या घरीही कुणाच्या तरी हातांनी केलेली अशी एखादी वस्तू असेल. तिला फळीवर बसवून तिचं कौतुक करू नका. तिला तेल लावा, तिच्या मागच्या बाजूलाही बघा, आणि ज्या कामासाठी ती केली त्या कामाला तिला न्या. उद्या पहाटे मिकाएले निघेल. माझी भेग धरेल की नाही, मला माहीत नाही. लेपेका गाठ बघायला रोज येते. ओढून बघते आणि घरी जाते.