साडेसहाचा कार्यक्रम

रामहरीने टीव्हीच्या मागे डोके घातले आणि एचडीएमआयची वायर तिसऱ्यांदा उपसून पुन्हा घट्ट बसवली. पडदा निळा तो निळाच. मधोमध पांढऱ्या अक्षरांत तेच वाक्य : सिग्नल मिळत नाही.

"ते वाचता येतंय आमाला," आप्पासाहेब मागून कडाडले. "चित्र कवा येनार?"

"बघतोय की, आप्पा."

"वीस मिन्टं झाली बघतोयस!"

काटेवाडीतल्या आप्पासाहेबांच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसे दाटीवाटीने बसली होती. सतरंजी पुरली नाही म्हणून चौघे दारातच उभे. साडेसहाच्या शेतीच्या कार्यक्रमात आज आप्पासाहेब दिसणार होते. गेल्या महिन्यात वाहिनीची गाडी त्यांच्या उसात आली होती. उसाचा वाळका पाला, म्हणजे पाचट, न जाळता जमीन कशी सुधारली, यावर ते कॅमेऱ्यापुढे चांगले पाऊण तास बोलले, आणि तेव्हापासून ते सगळे पुन्हा ऐकले नाही असा माणूस गावात उरला नव्हता. आमंत्रणे आठ दिवस आधीच गेली होती. आणि नेमका आजच टीव्ही बसला.

बारामतीच्या रामहरीला फोन लावला तो आप्पासाहेबांच्या चुलतभावाने, दादासोने. रामहरीने हात लावला आणि चित्र आले नाही, असे आजवर या भागात झाले नव्हते. या नावावर तर त्याचा धंदा चालत होता. त्याने सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर बदलून पाहिला. वायरचे टोक कापून नवी पिन लावली. तेवढ्यात आप्पासाहेबांनी रिमोटची बटणे दाबदाबून बॉक्स तमिळ करून ठेवला. आता सिग्नल नाही, हेही वाचता येईना.

"आप्पा, रिमोट द्या बरं माझ्याकडं."

"माझ्या घरचा रिमोट हाय."

रामहरीने राग गिळला. लोकांसमोर बोलायची सोय नव्हती. सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. तो पाना घेऊन गच्चीवर निघाला, डिशची छत्री बघायला.

छत्री जागच्या जागी होती, तसूभरही हललेली नव्हती. पण तिच्या तोंडावरच्या डब्यापासून वायर वेगळी झाली होती. वाऱ्याने सुटली म्हणावी तर पिन आटे फिरवून काढलेली, आणि तिला पाणी लागू नये म्हणून दुधाची रिकामी पिशवी गुंडाळून वर दोऱ्याची गाठ मारलेली. रामहरीने गाठीला हात घातला.

"ऱ्हाऊ दे, रामहरी."

जिन्याच्या तोंडाशी लीलाबाई उभ्या होत्या. आप्पासाहेबांची बायको. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर त्या गच्चीवर आल्या नव्हत्या, असे दादासो मघाशीच सांगत होता.

"काकी, ही तुमी काडली?"

"व्हय, मीच." त्यांना धाप लागली होती. "आमच्या लेकीचा, उत्कर्षाचा, दुपारी पुन्याहून फोन आलता. तिची मैतरीन हाय त्या वाहिनीत, तिनं कार्यक्रम आदीच दावला हिला. ह्येंचं समदं बोलनं कापलंय रं. नुसता हात दिसतोय. मातीतलं गांडूळ धरल्याला हात. आन वरनं बोलतोय कोन तरी सायेब. ह्येंचं नाव बी न्हाय."

खालून कुणाचा तरी हसण्याचा आवाज आला. लीलाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"एवड्या मानसांम्होरं…"

"मग मला कशाला घाम काडायला लावला?" रामहरी चिडूनच बोलला. चिडण्यासारखेच होते.

"दादासो भावजींनी परस्पर फोन लावला. मी काय करनार?"

पिन फिरवायला एक मिनिट लागले असते. खाली जाऊन पडदा लखलखीत करून, आप्पांच्या हातात रिमोट देऊन, ऐटीत निघता आले असते. रामहरीने पाना खिशात टाकला.

"छत्रीचा डबा गेलाय," खाली येऊन तो म्हणाला. "नवा मागवाय लागंल. आज काय जमत न्हाय."

आप्पासाहेब सुटले. "ह्यो म्हनं नावाजलेला कारागीर! छत्री कळंना, बॉक्स कळंना, निसता पाना घिऊन हिंडतोय!" माणसे खाली बघून हसली. रामहरी निमूटपणे वायरी गुंडाळत राहिला.

"मोबाईलवर बघू की," दादासो म्हणाला.

"मोबाईलवर आठ दिसांनी टाकत्यात ते," आप्पासाहेब लगेच बोलले. "च्या घ्या समद्यांनी."

चहा झाला. ज्यांना टीव्हीवर बघायचे होते त्यांना आप्पासाहेबांनी पाचटाची सगळी हकिकत तोंडीच ऐकवली, हातवारे करून, आणि लोकांनीही ती माना डोलावत ऐकली. सात वाजता घर रिकामे झाले.

रामहरी मोटारसायकलला पिशवी अडकवत होता, तेव्हा आप्पासाहेब अंगण ओलांडून त्याच्याजवळ आले. आवाज अगदी खाली आलेला.

"उद्या येऊ नगं."

"का?"

"उद्या सकाळी परत दावत्यात त्यो कार्यक्रम. तू परवा ये."

रामहरीने पिशवीचा बंद आवळला.

"त्या कॅमेऱ्यावाल्या पोराचा आज सकाळीच फोन आलता. मला समदा कापलाय म्हनाला. लई माफी मागत व्हता बिचारा." आप्पासाहेबांनी वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिले. आत कपबशा धुतल्याचा आवाज येत होता. "देवानंच तुजा डबा घालवला बग. लोकांम्होरं तुला बोललो, ते मनावर घेऊ नगं. आन ही गोष्ट हिला सांगू नगं. माज्यापरास तिलाच लई हौस व्हती. ऐकलं तर जेवायची न्हाय ती."

"न्हाय सांगत, आप्पा," रामहरी म्हणाला आणि त्याने किक मारली.