घोंगडी पांघरलेला बर्फाचा डबा

मित्रांनो, आधी हसून घ्या. मी एक जुना बर्फाचा डबा आहे आणि माझ्या अंगावर काळ्या लोकरीची घोंगडी आहे. भर उन्हाळ्यातही ती कुणी काढत नाही. बर्फाच्या डब्याला थंडी वाजते की काय, असं विचारणारे पुष्कळ भेटले. त्यांना उत्तर द्यायला मला झाकण आहे, पण जीभ नाही. म्हणून आज सगळं एकदाच सांगून टाकतो.

माझा जन्म हैदराबादजवळच्या एका कारखान्यात १९९८ साली झाला. जाड निळं अंग, घट्ट झाकण, खांद्याला अडकवायचा पट्टा. एका संशोधन संस्थेने मला विकत घेतलं तेव्हा मला वाटलं, आता आपल्या हातून विज्ञानाची सेवा होणार. पहिली चार-पाच वर्षं मी साहेबांच्या सहलींसाठी आइस्क्रीम वाहिलं. एकदा मासेही वाहिले. त्या वासाविषयी मी काही बोलणार नाही.

मग रेणुका मॅडमनी मला साबणाने तीनदा धुतलं आणि आपल्या कामाला घेतलं. त्या मूळच्या बीदरच्या. त्यांचं काम ऐकून मी चाटच पडलो. माणूस मुळात आफ्रिकेत घडला, हजारो वर्षांपूर्वी तिथून निघाला आणि चालत चालत जगभर पसरला. त्या वाटेच्या खुणा आपल्या प्रत्येकाच्या रक्तात अजून आहेत. त्या वाचायच्या, हे मॅडमचं एक काम. दुसरं काम आजचं. पिढ्यान्पिढ्या चालत आलेली माणसं एका जागी बसायला लागली, की त्यांच्या रक्तातली साखर वाढते का, हे बघायचं. दोन्ही कामांना रक्त लागायचं आणि रक्ताला मी लागायचो. माझी मान ताठ झाली.

२००४च्या एप्रिलमध्ये आम्ही बीदरकडच्या चिटगुप्पा गावापलीकडच्या एका वाडीत गेलो. मेंढरांमागे हिंडणाऱ्यांची ती वाडी. पण आता मेंढरं थोडी उरली होती आणि तरणी माणसं हैदराबादला बांधकामावर गेली होती. काशाप्पाचा मुलगा मल्लिकार्जुनही तिकडेच सेंट्रिंगच्या कामावर होता. काशाप्पा साठीचा. दोन वर्षांपूर्वी त्याने मेंढरं विकली आणि तेव्हापासून तो मारुतीच्या कट्ट्यावर बसून होता. डाव्या पायाच्या अंगठ्याला चपलेने चावलं होतं, ती जखम दोन महिने झाले तरी भरत नव्हती. त्याची बायको अंबुबाई तिच्यावर रोज हळद दाबायची. आणि पाणी तर तो इतकं प्यायचा, की अंबुबाईची एक घागर नुसती त्याच्याच नावावर खपायची.

मॅडमना एकमेकांच्या जवळच्या नात्यात नसलेली माणसं हवी होती. काशाप्पाची सून मंगल अंगणवाडीत मदतनीस होती, म्हणून तिच्यापासून सुरुवात झाली.

“अंबुबाई तुझ्या कोण?” मॅडमनी विचारलं.

“सासू. आन् सख्खी आत्या बी.”

“आणि काशाप्पा?”

“सासरे. पर माझ्या आईचे चुलतभाऊ बी हायत, म्हंजी मामा बी.”

मॅडम वंशावळ काढत गेल्या. तासाभराने तो कागद मेंढरं कोंडायच्या जाळीसारखा दिसायला लागला. शेवटी त्यांनी लांबच्या नात्यातली बावीस माणसं निवडली, म्हणजे वाडीच्या मानाने लांबची. सकाळी उपाशीपोटी सगळ्यांचं रक्त घेतलं. काशाप्पा मोठ्या तोऱ्यात पुढे आला. “सुईला काय भ्यायचं? लांडग्यांसंगट काढलाय म्या जन्म,” असं म्हणाला आणि सुई टोचायच्या आधीच डोळे गच्च मिटून घेतले. नळ्यांवर नुसते आकडे लिहिले होते. बावीस नळ्या माझ्या पोटात बर्फाच्या पिशव्यांवर नीट मांडल्या गेल्या.

मॅडमना आणि ड्रायव्हर वीरण्णाला शेजारच्या तांड्यावर जाऊन यायचं होतं. मला काशाप्पाच्या घरात सावलीत ठेवलं. “झाकण उघडायचं नाही,” असं मॅडमनी मराठीत, कन्नडात आणि दखनीत बजावलं. सगळ्यांनी मान डोलावली. अंबुबाई तेवढी त्या वेळी पाण्याला गेली होती.

ती आली, घागर उतरवली आणि मला बघितलं. घरात नवी वस्तू आली की तिचं झाकण उघडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने मला उघडलं, आत हात घातला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

“अगं बया, समदी गारठली की!”

मित्रांनो, इथे तुम्हाला एक सांगायला हवं. हिवाळ्यात रानात जन्मलेलं कोकरू कधीकधी काकडून लाकूड होतं. त्याला घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवलं, की तास-दोन तासांत ते कान हलवतं. अंबुबाईने अशी कितीतरी कोकरं उठवली होती. अंग गार म्हणजे जीव चालला आणि ऊब आली म्हणजे जीव परतला, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. आणि आता तिच्या नवऱ्याचं रक्त बर्फावर पडलं होतं.

तिने एक नळी उचलली, दुसरी उचलली. आकडे तिला वाचता येत नव्हते.

“ह्यातलं आमचं कुठलं की,” ती पुटपुटली. मग म्हणाली, “असू दे. कुणाला ठिवू गारठ्यात? समदीच आपली.”

आणि तिने सगळ्या बावीस नळ्या घोंगडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवल्या. मी झाकण वासून बघत राहिलो, तर तिने तेही लावून टाकलं. चार-पाच तास ती मधूनमधून हात लावून ऊब बघत होती आणि चुलीत काटकी सारत होती. जीपचा हॉर्न ऐकला तशी तिने नळ्या पुन्हा माझ्या पोटात ठेवल्या आणि झाकण लावलं. मॅडमनी झाकण उघडून नुसता बर्फाला हात लावून बघितलं. बर्फ जिथल्या तिथे होता. त्यांनी मला शाबासकी दिली. ती घेताना मला इतकी लाज वाटली, की निळ्याचा लाल झालो नाही एवढंच.

पुढे काय झालं ते ऐका. साखरेचे आकडे निघाले तेव्हा मॅडम दौऱ्यावर होत्या. कारकुनाने रिवाजाप्रमाणे ज्याची त्याची चिठ्ठी टपालाने वाडीत पाठवून दिली. तीन आठवड्यांनी मॅडम परतल्या आणि प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने तो तक्ता त्यांच्यापुढे धरला. मी शेजारच्या टेबलावरच होतो.

“मॅडम, ह्या कागदापरमानं आख्खी वाडी बेशुद्ध पडायला पायजे. एकवीस माणसांची साखर एकदम खाली. एकटा काशाप्पा तेवढा ठीक.”

मॅडम खुर्चीत बसल्या. “रक्तातल्या पेशी जिवंत असतात. ऊब मिळाली की त्या साखर खात राहतात. रक्त तापलंय कुठेतरी. सगळ्यांचीच साखर उतरली आहे.”

“मग ह्याची कामून न्हाई उतरली?”

“उतरलीच आहे,” मॅडम सावकाश म्हणाल्या. “उतरूनही ठीक दिसते. म्हणजे मुळात किती असेल? गावात हा एकटाच आजारी आहे, आणि आपण त्याला लिहून दिलं की तू ठणठणीत आहेस.”

दुसऱ्या दिवशी आमची जीप सुटली. वाटेत मॅडम वीरण्णाला टाकून बोलल्या, गाडी उन्हात लावली असशील म्हणून. वीरण्णा आईची शपथ घेत होता. मी मागच्या सीटवर होतो. मला सगळं ठाऊक होतं आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. असा त्रास मला माशांच्या वेळीही झाला नव्हता.

वाडीत पोचलो तर काय! चिठ्ठ्या वाचून लोक घाबरले होते. पोरंसोरं, म्हातारेकोतारे, जो तो गुळाचा खडा तोंडात धरून फिरत होता. काशाप्पा मात्र कट्ट्यावर मधोमध बसला होता. त्याने चिटगुप्प्याला जाऊन आपल्या चिठ्ठीला प्लॅस्टिकचं लॅमिनेशन करून आणलं होतं. गावातला एकटा धडधाकट माणूस म्हणून लोक त्याचा सल्ला घ्यायला येत आणि येताना मान म्हणून हुग्गीची वाटी आणत. गव्हाची ती गोड खीर तो तीन आठवडे दोन्ही वेळा खात होता. पायाला मात्र आता घोट्यापर्यंत फडकं गुंडाळलेलं होतं आणि हाताला काठी आली होती.

मॅडमनी फडकं सोडून अंगठा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या मंगलला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मंगल, हे असंच चाललं तर पाय काढावा लागेल. आजच रक्त घ्यायला हवं.”

अंबुबाई मागेच उभी होती. तिने ते ऐकलं.

मॅडम काशाप्पाला समजावू लागल्या. “अप्पा, तो कागद चुकीचा आहे. पुन्हा रक्त द्या.”

“कागद कसा चुकंल? शिक्का हाय त्यावर,” काशाप्पा म्हणाला. “म्या एकदा दिलं. पुन्यांदा न्हाई देत. तुमी ह्या बाकीच्यास्नी बघा, बिचारे आजारी हायत.”

“मामा, ऐका की,” मंगल रडवेली झाली.

“चूक झाली तर ती कशी झाली ते सांगा,” काशाप्पा मॅडमना म्हणाला. “सांगा, म्हंजी देतो.”

 मॅडमनी वीरण्णाकडे बघितलं. वीरण्णाने मान खाली घातली. सगळी वाडी जमली होती. मी जीपच्या बॉनेटवर होतो आणि अंबुबाई माझ्याकडे बघत होती. मी मनातल्या मनात ओरडत होतो, बोल, बाई, बोल.

तिने पदर तोंडाला लावला आणि पुन्हा काढला.

“ड्रायव्हरला नका बोलू, अक्का. म्याच केलं.”

“काय केलं?” काशाप्पाने विचारलं.

“तुमचं रक्त गारठलं होतं. म्या उबवलं.”

“उबवलं? आंडी हायत का काय ती?”

वाडी खो खो हसली. अंबुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण ती थांबली नाही. “घोंगडीत बांधून चुलीपाशी ठिवलं. समद्यांचंच ठिवलं. मला वाटलं, तुमी गार पडचाल. आता हसा मला जलमभर. पर हात म्होरं करा.”

हसणं विरत गेलं.  काशाप्पाने लॅमिनेशन केलेली चिठ्ठी खिशातून काढली, उलटीसुलटी करून बघितली, कट्ट्यावर ठेवली आणि दंड पुढे केला. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत.

“घ्या. आन् ह्या खेपेला गारच राहू द्या. म्या सोसतो.”

मॅडमनी तिथल्या तिथे बोटाच्या थेंबावर यंत्राने साखर मोजली. त्यांचा अंदाज खरा निघाला. बाकीच्यांनीही पुन्हा हात पुढे केले, ते सगळे निरोगी निघाले आणि त्यांनी तोंडातले खडे थुंकले. नळ्या माझ्या पोटात गेल्या. निघताना अंबुबाईने तीच घोंगडी आणली. “आत गारच असू द्या अक्का, पर वरून तरी पांघरा,” म्हणाली आणि चार टाके घालून तिने मला अंगरखाच शिवला. मॅडमना नाही म्हणवेना.

गंमत बघा. हैदराबादला झाकण उघडलं तेव्हा बर्फ जवळजवळ तसाच होता. लोकर बाहेरची ऊब आत येऊ देत नव्हती. आणि वीरण्णाने नंतर वाडीतून ऐकून सांगितलं, आम्ही हैदराबादला पोचल्याचा फोन येईपर्यंत, आपलं रक्त तिकडे बर्फावर आहे म्हणून काशाप्पा इकडे मे महिन्याच्या उन्हात खांद्यावर घोंगडी घेऊन घाम गाळत बसला होता.

बीदरच्या दवाखान्यात त्याच्या पायावर दीड महिना उपचार झाले. एक बोट गेलं, पाय राहिला. पावसाळ्यानंतर मॅडम पुन्हा आल्या, तेव्हा त्यांनी कट्ट्यावर जगाचा नकाशा पसरला. पूर्वजांच्या खुणा पहिल्याच रक्तातून नीट वाचता आल्या होत्या. “एवढ्या पिढ्या टिकलेल्या त्या,” मॅडम अंबुबाईला म्हणाल्या, “तुमच्या चुलीला काय भिणार?” आफ्रिकेतून निघालेली वाट बोटाने दाखवत त्या इथवर आल्या.

काशाप्पाने ती वाट निरखून बघितली. “मेंढरं किती होती त्यांच्यापाशी?”

“मेंढरं नव्हती, अप्पा. तेव्हा कुणी पाळतच नव्हतं.”

“मग चालले कामून?”

मॅडम हसल्या. “तेच शोधायलोय आम्ही.”

काशाप्पाने नकाशावरची ती वाट बोटाने पुन्हा एकदा चालून बघितली. पुढच्या आठवड्यात त्याने दहा मेंढरं घेतली.

माझी बिजागरी मोडली तेव्हा संस्थेत नवे डबे आले. मॅडमनी मला अडगळीत टाकू दिलं नाही. काशाप्पाला इन्शुलिन सुरू झालं होतं, ते थंड ठेवावं लागतं आणि वाडीत वीज असली तर असते. म्हणून वीरण्णाने मला इथे आणून सोडलं. आज २०१२ साल आहे. चिटगुप्प्याहून बर्फ येतो, माझ्या पोटात दोन बाटल्या असतात आणि काशाप्पा मेंढरांमागे रानात असतो.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. माझ्यासारख्याचं झाकण विचारल्याशिवाय उघडू नका. आणि चुकून उघडलंत, तर तसं सांगा. मी सगळं बघितलं होतं, पण मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं. अंबुबाईला हसणारी वाडी समोर असताना आलं, म्हणून एक पाय वाचला.

रोज दुपारी ती माझं झाकण उघडते. ज्या हाताला एकदा चटका बसला होता, तोच सुरकुतलेला हात आत घालते, बाटल्यांना लावून बघते. मग रानाकडे तोंड करून स्वतःशीच म्हणते,

“गार हाय. बरं हाय.”