मुक्कामाचा सराव

कॅप्टनचा नंबर होता एक्केचाळीस. कंपनीत एकूण चौदाशे वैमानिक, आणि कोण कधी नोकरीला लागलं त्यावरून प्रत्येकाला एक नंबर. दर महिन्याला उड्डाणांची यादी लागते आणि मंडळी नंबराप्रमाणे आपापली उड्डाणं उचलतात. एक्केचाळीस नंबरवाला सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल अशी उचलतो. तेराशे सहा नंबरवाल्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. महिन्यातल्या सतरा रात्री परगावच्या हॉटेलात, भिंतीवरच्या त्याच त्या शिडाच्या होडीकडे बघत.

तेराशे सहा नंबर कॅप्टनच्या जावयाचा होता.

कंपनीनं आणि संघटनेनं चार महिने घासाघीस करून एकशे चाळीस पानांचा नवा करार तयार केला होता. कॉकपिटमधल्या खुर्चीच्या उशीबद्दलच त्यात दोन पानं होती. कॅप्टनच्या घरापुरतं मात्र कलम एकच : यापुढे नंबर कितीही असो, प्रत्येकानं महिन्याला आठ रात्री परगावी मुक्काम करायचा. मतदान गुप्त, मोबाइलवर, गुरुवारी संध्याकाळी आठपर्यंत. संघटनेचा सेक्रेटरी रोज फोन करून सांगायचा, "कॅप्टन, एकेका मताला किंमत आहे." हे तो चौदाशे लोकांना सांगत होता.

लेकीला आठवा महिना लागला होता. नवऱ्याच्या सतरा रात्रींच्या आठ होणं म्हणजे काय, हे तिनं वडिलांना सांगितलं नव्हतं. ती नुसती यायची आणि उसासा टाकून सोफ्यावर बसायची. ते पुरेसं होतं.

दुसऱ्या बाजूला अण्णा. म्हणजे कॅप्टनचे वडील, वय अठ्ठ्याऐंशी. रात्रीचं जेवण ते फक्त मुलाच्या हातून घ्यायचे, गेली सहा वर्षं. सुनेनं चमचा पुढे केला की ओठ गच्च. मध्यंतरी एक नर्स ठेवली होती. ती चौथ्या दिवशी काम सोडून गेली आणि जाताना म्हणाली, "आजोबा गोड आहेत, पण उघडत नाहीत."

आता वैमानिकांची एक खोड असते. ज्या गोष्टीची भीती वाटते, ती ते आधी खोटी-खोटी घडवून बघतात. दर सहा महिन्यांनी त्यांना एका बंद खोक्यात बसवून इंजिनाला आग लावतात, चाकं अडकवतात, धुकं पाडतात. माणूस घामाघूम होऊन बाहेर आला की सही घेऊन चहा पाजतात. कॅप्टननं ठरवलं, मतदानाच्या दिवशी अण्णांचा असाच सराव घ्यायचा.

"म्हणजे करणार काय तुम्ही?" बायकोनं विचारलं. ती औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट होती. डॉक्टरांचं अक्षर लावण्यात उमेदीची वर्षं गेल्यामुळे कशाचंच नवल वाटायचं तिनं सोडलं होतं.

"चार वाजता युनिफॉर्म घालून, बॅग घेऊन निघायचं. मुक्कामाला चाललो म्हणून सांगायचं. साडेसातला जावयांनी भरवायचं. जेवले तर कराराला होय. नाही जेवले तर नाही."

"आणि तुम्ही कुठे असणार?"

"खाली. गाडीत."

"चार तास?"

"मी अकरा तास बसलोय."

"तिथे हवाईसुंदरी कॉफी आणून देते. इथे कोण देणार?"

कॅप्टननं टेबलावर वेळापत्रक ठेवलं. सातला इन्सुलिन, साडेसातला मऊ भात. बायको म्हणाली, "आज इंजेक्शन जेवण झाल्यावर देऊ. जेवलेच नाहीत तर साखर उतरेल." कॅप्टन म्हणाला, "सराव म्हणजे सगळं खऱ्यासारखं. रोज सातला देतेस ना?" तिनं त्याच्याकडे बघितलं आणि साखरेचा डबा स्वयंपाकघरातून बाहेर आणून ठेवला.

चार वाजता तो निघाला. अण्णा म्हणाले, "जा बाळ्या. सांभाळून." साठीच्या कॅप्टनला बाळ्या म्हणणारा जगात एवढाच एक माणूस उरला होता.

सात वाजून पस्तीस मिनिटांनी गाडीत फोन वाजला. जावयाचा.

"बाबा, जेवले."

जेवले? सहा वर्षं जे ओठ उघडले नाहीत, ते पाच मिनिटांत? आणि मग त्याला वाटू नये ते वाटलं. होय व्हावं म्हणून कोणाचा जीव टांगणीला लागलाय? जावयाचाच ना. एक यंत्र फारच सोयीचा आकडा दाखवू लागलं, की दुसरं बघायचं. त्यानं बायकोला फोन लावला.

"जेवले का गं?"

"कुठले? तोंड मिटून बसलेत. इंजेक्शन जाऊन अर्धा तास झालाय, अहो. मी साखरपाणी करतेय, तेही घेतील की नाही कोण जाणे."

दोन यंत्रं, दोन आकडे. अशा वेळी घाबरायचं नाही, हे कॅप्टन गेली वीस वर्षं नव्या पोरांना शिकवत होता. तो गाडीतून उतरला, गाडी उघडीच राहिली, आणि लिफ्टची वाट न बघता तीन मजले चढला.

दार जावयानं उघडलं. त्याच्या हातात वाटी होती.

"बाबा, खरंच चार चमचे घेतले हो त्यांनी. म्हणून लगेच फोन केला. फोन ठेवला, 'बाबांना केला, ते विमानात आहेत' असं त्यांना म्हटलं, आणि हे असं."

"चार चमचे म्हणजे जेवण?"

"मला वाटलं, सुरुवात झाली."

कॅप्टनला त्याच्या नजरेला नजर देववेना. आत अण्णा खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. कपाळावर घामाचे थेंब होते. शेजारी सून ग्लास धरून उभी.

"अण्णा, जेवत का नाही?"

"तू आधी वर ये. मग जेवतो."

"आलोय की!"

"आता आलास. चार वाजल्यापासून खाली गाडीत बसलायस. हे पोरगं मला सांगतंय, बाबा विमानात आहेत." अण्णांनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. "टोपी घालून बसलास तरी ओळखू येतोस. सुनेशी भांडलास का? एवढा रुसून मुलगा खाली उपाशी बसलाय, आणि मी इथे भात खाऊ?"

बायको म्हणाली, "तुमच्या खोक्याला खिडकी नसते वाटतं."

साखरपाणी अण्णांनी कॅप्टनच्या हातून घेतलं, अर्धा ग्लास. घाम ओसरायला पंधरा मिनिटं लागली. त्या पंधरा मिनिटांत कॅप्टननं त्यांची नाडी इतक्या वेळा बघितली, की शेवटी त्यांनी हात काढून घेतला. घड्याळात सात पंचावन्न झाले होते. सराव फुकट गेला होता. अण्णा दुसऱ्याच्या हातून जेवतील की नाही, हे चार वाजता जेवढं माहीत नव्हतं तेवढंच आताही माहीत नव्हतं.

"बाबा," जावई हळूच म्हणाला, "तुम्ही नाही म्हणा. आम्ही बघू काहीतरी. माझी आई येईल."

तुमच्या आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, असं कॅप्टनच्या ओठावर आलं. तो अण्णांकडे वळला.

"अण्णा, महिन्यातून आठ रात्री मी नसलो तर? खरोखरीचा नसलो तर?"

"मला काय विचारतोस? तेव्हाचं तेव्हा बघू."

"म्हणजे जेवाल?"

"बघू म्हटलं ना."

बायको खाली वाकून साखरेचा डबा बंद करत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "अहो, विमानात दोघं कशाला लागतात हो चालवायला?"

"एकाला काही झालं तर दुसरा असावा म्हणून."

"बरं." तिनं डबा उचलला. "सहा वर्षं या घरात एकच आहे."

सात अठ्ठावन्न. कॅप्टननं खिशातून फोन काढला. त्यानं 'होय' दाबलं. पडद्यावर आलं : आपलं मत नोंदवलं गेलं आहे. बदलता येणार नाही.

"काय केलंत?" जावयानं विचारलं.

"मतदान गुप्त आहे," कॅप्टन म्हणाला, आणि बाजूला ठेवलेली वाटी उचलून जावयाच्या हातात दिली. "घ्या. मी इथेच उभा आहे. खोटं काही नाही."

जावयानं चमचा भरला आणि अण्णांच्या तोंडाशी नेला. अण्णांनी चमच्याकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, मग मुलाकडे. ओठ मिटलेले. भात चमच्याच्या कडेवर थरथरत होता.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "हात एवढा का कापतोय तुमचा? विमान असंच चालवता का?"

बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात चमचा आत गेला. अण्णांनी रागानं मुलाकडे बघितलं. पण चावू लागले.

"एक," कॅप्टन म्हणाला. उरलेले चमचे मोजायला तो तिथेच उभा राहिला.